कॅमेऱ्याची थोरली बहीण

केळशीला भारजा नदी समुद्राला मिळते तेथे वाळूची एक उंच टेकडी आहे. तिच्या पोटात खापरे व जुनी नाणी सापडली. १५२४ साली कोकण किनाऱ्यावर आदळलेल्या त्सुनामीची खूण म्हणून शास्त्रज्ञांनी तिच्या थरांचा अभ्यास केला आहे. त्या टेकडीवर लेख लिहावा म्हणून आम्ही गेलो. सोबत कॅमेरा घेऊन भाचा होता; तो माहितीपट करतो.

“मामा, तुमचं मनातून येतं. आम्हाला समोर घडेल तेवढंच,” हे त्याचे जुने पालुपद. आम्ही त्याला सावेदादांची आठवण दिली. केळशीच्या दक्षिणेला, आंजर्ल्याशेजारी मुर्डी गाव आहे. तेथले र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. डिसेंबर १९०१ मध्ये ते मुंबईस परतले, तेव्हा हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी त्यांच्या स्वागताचे चित्रण केले. आपल्याकडच्या माहितीपटाचा आरंभ असा दापोली तालुक्यातल्या एका मुलापाशी येतो! त्या फितीत मुर्डीचे अंगण कोठून असणार? १९६१ साली परांजप्यांचे आत्मचरित्र निघाले. कॅमेऱ्याच्या हाती एक दिवस लागला. आधीची आणि नंतरची वर्षे लेखणीने सांगितली. माल मात्र दोघांचा एकच, खरोखर घडलेले. कादंबरीकार पात्राला हवे ते बोलायला लावतो. आपल्याला ती मुभा नाही. काय ठेवावे आणि काय गाळावे, एवढेच आपल्या हाती. आणि खोटेपणा शिरतो तोही बहुधा त्याच दाराने.

हे आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितले खरे. रात्री लेखाचा मसुदा वाचून दाखवला. खाडीवर भेटलेले वृद्ध तांडेल त्यात म्हणत होते, “समुद्रानं दिलं, समुद्रानंच नेलं.” भाच्याने काही न बोलता दुपारचे चित्रण लावले. आम्ही टेकडीबद्दल विचारतो. तांडेल पाण्याकडे पाहत राहतात. चाळीस सेकंद, आम्ही घड्याळ लावून मोजले. मग म्हणतात, “जाळं सुकलं काय बघतो,” आणि उठतात.

ते सुंदर वाक्य आमचे होते. टिपणवहीत त्याचा मागमूस नव्हता, तरीही ते आपण ऐकले अशी आमची प्रामाणिक समजूत होती!

आम्ही ते खोडले. त्याजागी लिहिले: तांडेल बराच वेळ गप्प होते, मग जाळे पाहायला गेले.


भाचा म्हणाला, “मामा, ते चाळीस सेकंद मीही कापणार होतो.”