फडावरचा हिशेब

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस म्हटला की काचेच्या भिंती, गार हवा आणि फिरती खुर्ची असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. माझ्या नशिबी मात्र मे महिन्यातले गडचिरोलीचे रान आले, आणि त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही.

चंद्रपूरपासून १९८२ साली वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे तेंदूपानांचा हंगाम. काम थोड्या दिवसांचे, पण घरात रोख पैसा येतो तो त्यातूनच. पहाटे सारे घर रानात जाते, दुपारी सावलीत बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधते आणि संध्याकाळी फडावर मोजून देते. १००० पुड्यांची एक गोणी. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर कितीतरी ग्रामसभा हा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढ्याने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून आणि २०११ मध्ये आपला बांबू आपण विकून वाट दाखवली होतीच. हक्क आला, तसा हिशेबही आला. तो ठेवणारा छोटासा प्रोग्रॅम एका ग्रामसभेसाठी मला करायचा होता.

फडावर मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून नोंद फोनमध्येच साठवायची आणि बाजाराच्या गावी रेंज मिळाली की पुढे धाडायची, अशी सोय केली. दुसऱ्या वर्षी ग्रामसभेने ठराव केला : बायकांची मजुरी बायकांच्याच खात्यात. ठराव सोन्यासारखा, पण एका कार्डावर दोन नावे आली आणि सारी वीण उसवून पुन्हा घालावी लागली. तिसऱ्या वर्षी अवकाळी पाऊस आला. पाने भिजली, गोण्या कमी भरल्या. विक्रीचा आकडा आणि मोजणीचा आकडा यांची तेव्हा फारकत केली. नाहीतर आभाळाचा तोटा पाने तोडणाऱ्यांच्या मजुरीतून वजा झाला असता!

एका आजीने तर मला वेगळेच काम लावले. पडद्यावरचे आकडे तिला काय कळणार? ती म्हणाली, "बापू, माझे पुडे किती लिवले, ते वाचून दाखव ना." तेव्हापासून रोज संध्याकाळी मुन्शी साऱ्या फडापुढे यादी मोठ्याने वाचू लागला. एकाच नावाच्या तिघी गावात होत्या, म्हणून नावाआधी कार्डाचा नंबर. अक्षरओळख नसलेली माणसेही आता हिशेब तपासतात, आणि काय बारकाईने तपासतात!

अमेरिकेतल्या यूटा राज्यात २००१ च्या फेब्रुवारीत या धंद्यातले १७ जण जमले. ठरल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे अधिक मोलाचे, असा जाहीरनामा त्यांनी काढला. तो जगभर गाजला. पण ढग दिसताच वाळत घातलेले पुडे गोळा करायला धावणाऱ्या बाईला तो कोणी वाचून दाखवण्याची गरज नाही.

मला वाटते, बदलायला शिकणे हे अर्धेच शिक्षण. काय बदलायचे नाही, हे ओळखणे उरलेले अर्धे. दर बदलला, खाते बदलले, ठराव बदलले. पण संध्याकाळी फडावर मोजला गेलेला पुड्यांचा आकडा मी कोणालाच मागून खोडू दिला नाही. दुरुस्ती करायची तर तिची वेगळी ओळ लिहायची. बाकी सारे त्या आकड्यावरून पुन्हा मांडता येते. आकडाच हरवला, तर एका घराची दिवसभराची मेहनत हरवते, आणि ती कुठल्याही यंत्राला परत आणता येत नाही.