काकडं घेतल्याशिवाय शेवळं नाहीत

मे महिन्यात आमच्या आळीतल्या समस्त पोरांचे ओठ चिकटलेले असायचे. करवंदांचा चीक तेलाशिवाय निघत नसे, आणि तेलाच्या बाटलीला हात लावला की दुपारची झोप बुडवून कुठे गेलो होतो ते घरभर कळे. 'कोंबडा की कोंबडी?' असं विचारल्याशिवाय करवंद तोंडात टाकायचं नाही, हा नियम. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. पैज कसलीच नसे, भांडण मात्र व्हायचंच. मग तोरणं, आळू, भोकरं, जांभळं. खिसा हीच टोपली आणि खिशाचे डाग हाच पुरावा.

पावसाचा शिडकावा झाला की पोरांचं राज्य संपे, बायकांचं सुरू होई. आमच्या रायगड-ठाण्याकडे मृगाच्या आगेमागे ठाकूर-कातकरी बायका शेवळं घेऊन बसत. शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं घ्यायचीच. विसरलात तर विकणारीच ओरडे, "काकडं घे गं बाय, नायतर घरचे घसा धरून बसतील!" शेवळाला खाज, तिला उतारा काकडांच्या आंबट रसाचा. हाताला तेल लावून शेवळं सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायची. मग कुणाकडे सोडे पडत, कुणाकडे खिमा, वाराच्या दिवशी वाल. एवढं करूनही पहिला घास आजोबांनी घ्यायचा. मान म्हणून म्हणत, आम्हाला मात्र वेगळीच शंका होती.

रानातली भाजी फुकट, पण सोपी नव्हे. टाकळा कोवळा असेतोच. भारंगी कडू, म्हणून उकडून, पिळून, मग वालाबरोबर. फोडशीची माती जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं. तेऱ्याला आमसुलं हवीतच. कंटोळी तेवढी गरीब, तव्यावर परतली की झालं. आणि अळंबी आजीने उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय चुलीपर्यंत जायची नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, तेव्हा तर पाटीभर पाला निवडायला अख्खी आळी एका ओटीवर. भाजी कमी, कुणाच्या सुनेचं काय चाललंय तेच जास्त निवडलं जाई.

आता ऑगस्टात रानभाजी महोत्सव भरतात. बरं वाटतं, त्या बायकांच्या हातात चार पैसे जास्त पडतात, पडायलाच हवेत. जुडीपुढे लोह आणि कॅल्शियमच्या पाट्याही असतात. खाजेची पाटी मात्र कुणी लावत नाही. शेवळं खायची तर महोत्सवाची वाट पाहू नका, तोवर ती संपलेली असतात. जूनच्या सुरुवातीला कर्जत-नेरळकडच्या बाजारात सकाळी लवकर जा. भाजीवाल्या बाईलाच विचारा कशी करायची. आणि तिने दोन काकडं जास्त टाकली तर नको म्हणू नका.