साडीवरचा शर्ट

दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकेत पात्राचा परिचय संवादाआधी वेष करून देतो, असे आम्ही वर्गात नेहमी सांगत आलो. २०१६ ते २०२१ या काळात झी मराठीवर चाललेली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ हे त्याचे ठळक उदाहरण. नागपूरकडची राधिका साडी-मंगळसूत्रात. तिच्या संसारात शिरलेली शनाया आखूड, आधुनिक कपड्यांत. येथे वेष स्वभाव सुचवीत नाही, थेट निकाल जाहीर करतो. साडी म्हणजे सोशिकता, आखूड कपडे म्हणजे स्वार्थ. पुढे राधिका मसाल्यांचा उद्योग उभारते, तेव्हा हे समीकरण थोडे डळमळते. सोशिकतेची म्हणून दिलेली साडी कर्तृत्वाचीही होऊ पाहते.

पाथर्डीत बसून हे पाहताना आम्हांला एक उणीव मात्र सतत जाणवली. दसऱ्यानंतर या तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया फडात उतरताना साडीवर पुरुषी, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. उसाच्या पात्यांनी हात चिरू नयेत, एवढाच त्याचा हेतू. त्या शर्टावरून बाई सोशिक की स्वार्थी हे कळत नाही; ती काय काम करते ते कळते. स्वभाव जाणायचा तर तिच्याशी बोलावे लागते.

मालिकेतील साडीला घाम, चुरगळ, हळदीचा डाग ठाऊक नसतो. म्हणूनच ती इतक्या सहज सद्गुणाचे चिन्ह होते. वेषाचे वाचन शिकवताना आता आम्ही आधी विचारतो : हे कपडे कोणत्या कामाचे? उत्तर मिळेपर्यंत पात्राच्या स्वभावाविषयी बोलण्याची घाई करीत नाही.