दूध बाधले

मराठीतला 'तोंड येणे' हा वाक्प्रचार विचित्र आहे. मोठ्या माणसाचे तोंड आले म्हणजे फोड आले, तिखट खाता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्या जिवाला अजून वाचा फुटलेली नाही त्याचे 'तोंड आले' असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, तेव्हा भाषा शिकवून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्या दांपत्याला थबकायला होते. आमची मुलगी तेव्हा अठरा दिवसांची होती. जिभेवर आणि गालांच्या आतून दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. दुधाची साय असती तर ओल्या फडक्याने निघाली असती. हे निघत नव्हते, आणि जरा जोर केला की खालची त्वचा लालबुंद दिसे.

बाळंतपण अंबरनाथला, माहेरी झाले होते. घरातल्या आणि शेजारच्या बायकांनी निदान करायला वेळ लावला नाही. "दूध बाधलं गं तिला," असे आजी म्हणाल्या, आणि लगोलग दुसरे वाक्य आले, "दोन दिवस अंगावर पाजू नकोस, वरचं दे." या पहिल्या वाक्याचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. त्यात दूध कर्ता आहे, बाळाला सोसावे लागते आहे, आणि आईचा उल्लेखही नाही. तरीही ते वाक्य उच्चारले गेले की खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात. काय खाल्लेस, कुठे वाऱ्यात बसलीस, डोक्याला फडके का नव्हते, ही चौकशी सुरू होते. आजी प्रेमळ आहेत, हे मुद्दाम सांगायला हवे. आरोप त्यांच्या मनात नव्हता, भाषेत होता.

ही भाषा फार जुनी आहे. चरकसंहितेत स्तन्याचे आठ दोष सांगितले आहेत. शुद्ध दूध पाण्यात टाकले असता त्याच्याशी एकरूप होते, ही परीक्षा सुश्रुताने दिली आहे. त्याच सुश्रुताच्या नऊ बालग्रहांमध्ये पूतनेचे नाव येते. कृष्णकथेतली विषारी स्तनांची राक्षसी आणि वैद्यकातला बालरोगांचा ग्रह एकच नाव धारण करतात, यावरून दुधाविषयीचा संशय आपल्याकडे किती खोल मुरला आहे ते कळावे. पण एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. दूध बिघडले असे ठरल्यावर चरक औषध देतो ते दूध पाजणारीला. म्हणजे आजार दोघींचा मिळून आहे, एवढे त्या परंपरेला उमगले होते. 'पाजू नकोस' ही पुढची पायरी आम्हाला तरी त्या शास्त्रापेक्षा शेजारपाजारची अधिक वाटते.

उपायही तयार होता. सवागीची, म्हणजे टाकणखाराची, लाही करून ती मधातून जिभेला लावायची. हा उपाय फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडातही मध आणि टाकणखार तान्ह्यांना चोखणीला लावून देत असत, आणि त्यातून झटके येऊ लागलेल्या बाळांची नोंद तिथल्या बालवैद्यकाच्या नियतकालिकात 1983 साली झाली. मधाचे म्हणाल तर त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालच्या मुलाला बोट्युलिझम होऊ शकतो, म्हणून तो एरवीही वर्ज्य. आजींना आणखी एक औषध आठवत होते, जेन्शन व्हायोलेट. त्यांच्या तरुणपणी अर्ध्या चाळीतली बाळे जांभळ्या तोंडाने हिंडत असत म्हणे. तेही आता मागे पडले आहे.

आम्ही बाळाला घेऊन लोकलने एक स्टेशन अलीकडे, उल्हासनगरला गेलो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांचे हे गाव. पत्ता सांगताना इथे आजही कॅम्पचा आकडाच सांगतात. डॉक्टर त्याच समाजातले, वयस्कर. त्यांनी बाळाचे तोंड पाहिले, लंगोटाची जागा पाहिली, मग आईला स्वच्छ विचारले की पाजताना दुखते का, आणि नंतरही आग होत राहते का. इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. "दूध बंद नहीं करना है," ते म्हणाले, "दवाई दोनों को लगेगी."

त्यांचे स्पष्टीकरण साधे होते. कॅन्डिडा नावाची ही बुरशी एरवीही माणसाच्या अंगावर, तोंडात असतेच. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती कोवळी, त्यात प्रसूतीच्या वेळी आईला प्रतिजैविके दिली गेलेली. मग बुरशीचे फावते. ती बाळाच्या तोंडातून स्तनाग्रावर आणि तिथून परत तोंडात जाते. एकावरच उपचार केले तर दुसरा पुन्हा देतो. म्हणून बाळाच्या तोंडाला पाजून झाल्यावर क्लोट्रिमॅझोलचे थेंब, आईला मलम. घट्ट जेल चार महिन्यांखालच्या बाळाच्या घशात अडकू शकते, म्हणून ते नको. शिवाय त्यांनी बाळाला छातीशी धरून दाखवायला लावले. बोंडशी दुखण्याचे कारण पुष्कळदा बुरशी नसून बाळाची चुकीची पकड असते. स्तनाच्या आत खोलवर बुरशी शिरते ही समजूत तर आता अनेक तज्ज्ञांना मान्य नाही.

इथवर आम्ही 'आम्ही' म्हणत आलो, पण त्या दुखण्यापाशी हे सर्वनाम अडखळते. काचेचे कण खुपावेत तसे ते दुखणे दर दोन तासांनी ठरलेल्या वेळी येई, आणि ते आमच्यातल्या एकीचेच होते. वात्सल्यरसाचे इतके दाखले वर्गात दिले, पण पाजताना ओठ आवळून पायाचा अंगठा जमिनीत रुतवणारी आई त्यांत सापडल्याचे आम्हाला आठवत नाही.

मराठी आईला एका दूरच्या पत्रव्यवहाराचेही देणे आहे. न्यूयॉर्कमधील एलिझाबेथ हेझन आणि ऑल्बनीमधील रेचेल ब्राऊन या दोन शास्त्रज्ञ बायका मातीचे नमुने बरण्यांत भरून टपालाने एकमेकींकडे पाठवत. व्हर्जिनियातल्या एका मित्राच्या दुधाच्या शेतातल्या मातीत त्यांना जे सापडले, त्यातून 1950 साली निस्टॅटिन जाहीर झाले. माणसाला उपयोगी पडलेले हे पहिले बुरशीरोधक प्रतिजैविक, आणि तान्ह्यांच्या तोंडासाठी ते जगभर आजही वापरतात. त्याच्या स्वामित्वधनाचे एक कोटी तीस लाखांहून अधिक डॉलर दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले. गोठ्यालगतच्या मातीतून दूधपित्या जिभेचे औषध निघावे, हे कादंबरीत लिहिले असते तर आम्ही योगायोग म्हणून लाल शाईने खूण केली असती.

चार दिवसांत ठिपके विरळ झाले, आठवड्याने जीभ गुलाबी झाली. थेंब मात्र त्यानंतरही काही दिवस चालू ठेवायचे होते. तोवर आम्ही बदलापूरला आमच्या घरी परतलो होतो. जुलै महिना, उल्हास नदी भरून वाहत होती, आणि या बुरशीला हवी असते नेमकी तशी ओल. डॉक्टरांनी दुपटी आणि आईचे आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात घालायला सांगितले होते. ऊन नव्हते. मग पंख्याखाली दोऱ्या बांधल्या, आणि आमच्यातला दुसरा रोज रात्री एकेक दुपटे कडक इस्त्रीने वाळवू लागला. आजींनी मध आणि सवागीची पुडी परत नेली. जाताना म्हणाल्या, "पाज हो, पाज. तुझं दूध चांगलं आहे."