तुटते ते नेमके कोठे?



फारोने आपल्या पूर्वजांना पेंढा देण्याचे बंद केले, परंतु विटांची संख्या मात्र तीच ठेवली, हा शेमोथ ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातील प्रसंग आपण सर्वजण जाणतो. पेंढ्याला एवढे महत्त्व का असावे? निव्वळ माती वाळताना तडकते. तिच्यात काड्या मिसळल्या म्हणजे त्या मातीला धरून ठेवतात आणि पडलेला तडा फार पुढे धावू देत नाहीत. कोकणातील मातीच्या भिंतींतही हेच तत्त्व होते. एका पदार्थाची उणीव दुसऱ्याने भरून काढावयाची, याच तत्त्वावर आज विमानांचे पंख तयार होतात. पेंढ्याच्या जागी केसाहूनही बारीक असे कार्बनचे तंतू येतात आणि मातीच्या जागी राळ. अशा पदार्थास संमिश्र पदार्थ म्हणतात. एल अल कंपनीने २०१७ साली सेवेत आणलेल्या बोईंग ७८७ विमानाच्या रचनेचे सुमारे निम्मे वजन अशा पदार्थांचे आहे. आपल्यापैकी काहींनी त्यातून प्रवासही केला असेल.

माझा एक जुना विद्यार्थी असे पदार्थ कसे तुटतील याचे गणित संगणकावर मांडण्याचे काम करतो. त्याच्याकडून जे समजून घेतले, ते एका शिक्षिकेला विचार करावयास लावणारे होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

काच एका तड्याने फुटते. संमिश्र पदार्थाचे तसे नाही. कोठे राळ तडकते, कोठे काही तंतू तुटतात, कोठे एकावर एक बसविलेले थर एकमेकांपासून सुटतात, आणि हे सारे आतल्या आत घडत असल्यामुळे वरून पृष्ठभाग धड दिसू शकतो. भार वाढत गेला म्हणजे या लहान हानी एकत्र येतात. ही वाटचाल आधी कळावी म्हणून संगणकात त्या वस्तूची प्रतिमा रचून तिचे हजारो लहान घटक पाडतात, भार पायरीपायरीने वाढवितात आणि प्रत्येक पायरीवर प्रत्येक घटकास विचारतात, “तू टिकलास की तुटलास?”

हा प्रश्न कसा विचारावयाचा, यातच सारे मर्म आहे. १९७१ साली त्साय व वू या संशोधकांनी सर्व ताणांचे मिळून एकच सूत्र दिले. उत्तर एकपर्यंत पोहोचले की घटक तुटला असे मानावयाचे. हे सूत्र उपयुक्त आहे व आजही वापरले जाते. परंतु नेमके काय तुटले, हे ते आपण होऊन सांगत नाही. तेल अवीव विद्यापीठातील प्राध्यापक झ्वी हाशिन (१९२९–२०१७) यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तोच प्रश्न चार भागांत विचारला. तंतू ओढला जाऊन तुटला काय? तो दाबाने निकामी झाला काय? राळ ओढीने तडकली काय? की ती दाबाने चिरडली? थर सुटण्याचा हिशेब याहून वेगळा करावा लागतो. हाशिन यांचे निकष आज या कामाच्या संगणक-प्रणालींत सर्रास आढळतात, आणि २०१२ साली त्यांना यंत्र अभियांत्रिकीसाठी बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले.

या भेदाचा उपयोग असा, की केवळ राळ तडकली असेल तर तंतू अजून भार वाहू शकतात. संगणक त्या घटकाची तेवढीच शक्ती कमी करतो, उरलेला भार शेजाऱ्यांवर वाटून देतो व पुन्हा गणित करतो. संपूर्ण घटक बाद करण्याचे कारण राहत नाही.

हे ऐकताच मला अध्यापक विद्यालयातील दिवस आठवले. एकूण गुणांवरून मूल उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. ते कोठे अडले हे कळण्यासाठी निदानात्मक चाचणी घ्यावी, आणि मग उपचारात्मक अध्यापन करावे, हे आम्हांस तेथे शिकविले गेले. येथे काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील, नुकत्याच आलेल्या एका कुटुंबातील मुलीस गणिताच्या खालच्या गटात घालण्याचे एका शाळेत ठरत होते. मी तिची उत्तरपत्रिका मागून घेतली व चुका वेगळ्या केल्या. आकडेमोड जवळजवळ निर्दोष होती. चुका होत्या त्या केवळ शाब्दिक उदाहरणांत, कारण तिला हिब्रू वाक्यच उमगत नव्हते. राळ तडकली होती, तंतू शाबूत होते. तिला हिब्रूची मदत मिळाली व ती मूळ गटातच राहिली. ती खाली गेली असती तर पुढे उच्च गणिताची परीक्षा देणे तिला फार कठीण झाले असते.

अर्थात गणितावर सर्वस्वी विसंबता येत नाही. संगणकास पदार्थाची शक्ती ठाऊक असते ती प्रत्यक्ष नमुने तोडून मोजलेली. २००९ साली याच बोईंग ७८७ च्या जमिनीवरील चाचणीत, पंख व धड यांच्या जोडाजवळ, संगणकाने न वर्तविलेली हानी आढळली. तो भाग बळकट करण्यात आला, आणि त्यानंतरच १५ डिसेंबर २००९ रोजी विमानाने प्रथम उड्डाण केले. मुलांच्या बाबतीतही कागदावरचे निदान पुरेसे नसते. त्यांच्या शेजारी बसून त्यांना मोठ्याने उदाहरण सोडवावयास लावावे लागते.

म्हणून पालकांस माझी विनंती अशी, की मुलाने कमी गुण आणले तर शाळेचा निर्णय निमूटपणे स्वीकारू नये, आणि मुलासही लगेच रागावू नये. भाषेच्या संकोचामुळे आपण पालकसभेत गप्प राहतो. तसे न करता उत्तरपत्रिका पाहावयास मागावी आणि शिक्षकांस नम्रपणे एवढेच विचारावे, “माझे मूल नेमके कोठे अडले?” हा प्रश्न मोडक्यातोडक्या हिब्रूतही विचारता येतो, आणि त्याचे उत्तर मागण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.