वारा दमत नाही

पर्वत पाटियाला बिऱ्हाड केले तेव्हा उसाशी आपला संबंध संपला, असे मला वाटले होते. साक्री तालुक्यात पांझरेकाठी आजोबांचे गुऱ्हाळ होते. सुरतेत माझ्या वाट्याला आला साड्यांचा धंदा. पण थंडी पडू लागली की कडोदऱ्याच्या रस्त्याने उसाच्या गाड्या चलथाणकडे निघतात आणि ते गुऱ्हाळ पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहते.

आजोबांच्या उजव्या हाताला दोन बोटे नव्हती. चरकाने नेली. ऊस घालताना हात आत ओढला गेला, तेव्हा वडिलांनी धावत जाऊन बैल थांबवले. आजोबा म्हणायचे, "बैल होते म्हणून हात राहिला. हो म्हटलं की उभे राहतात बिचारे."

हे सारे पुन्हा निघाले ते एका फोटोमुळे. जहाजावर नोकरीला असलेल्या भाच्याने तो वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटावरून आणला. हिरव्या टेकडीवर दगडी बुरूज आणि त्याला चार लांब पंख. नातू गुजराती शाळेत शिकतो. त्याने विचारले, "दादा, आ पवनचक्की छे?" पवनचक्कीच, शब्द दोन्हीकडे एकच. पण ही ऊस गाळणारी, हे कळले तेव्हा मी पुस्तके धुंडाळली.

आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही लहान असलेले हे बेट. इंग्रज तिथे 1627 साली वसले आणि 1640 नंतर ऊस लावू लागले. समुद्रावरून एकाच दिशेने येणारा वारा त्यांनी चरकाला जुंपला. एकेकाळी तिथे पाचशेच्या आसपास पवनचक्क्या होत्या. फोटोतली मॉर्गन लुईसची चक्की त्यांतलीच, आज जपून ठेवलेली. बुरुजाचा माथा लांब दांड्याने फिरवून पंख वाऱ्यासमोर आणायचे. खाली तीन उभे रूळ. एका बाजूने ऊस घालायचा, पलीकडच्याने चिपाड परत सारायचे. रस पन्हाळीने कढयांकडे जाई. आमच्या गुऱ्हाळाचेच हे थोरले भावंड!

फरक एवढाच, की ऊस घालणारे हात आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे होते. तोडलेला ऊस पडून राहिला तर साखर घटते, म्हणून हंगामात वारा असेल तोवर रात्रंदिवस गाळप चाले. झोपेने डोळा लागला की हात रुळांत जाई. पंख एकदम थांबत नसत. म्हणून चरकाजवळ एक कुऱ्हाड ठेवलेली असे, अडकलेला हात तोडून माणूस वाचवायला.

ते वाचून मी पुस्तक मिटले. बैल दमला की सोडावा लागतो, आणि त्याच्याबरोबर माणूसही बसतो, बिडी ओढतो. वारा दमत नाही. मग माणसाने दमायचे कधी?

नातवाने विचारले, "वारा पडला की त्यांना सुट्टी?" मी म्हटले, "नाही रे. शेतात खत वाहणं, खुरपणं होतंच."

1834 साली इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी मोडण्याचा कायदा लागू झाला. त्याच वर्षी मॉरिशसच्या उसासाठी कलकत्त्याहून गिरमिटिया मजुरांची बोट गेली. पुढे रत्नागिरीकडची मराठी माणसेही त्या वाटेने गेली. त्यांची पतवंडे आज तिथे गणपती बसवतात. वाऱ्यामागून वाफ आली, वाफेमागून वीज. ऊस तोडणारा हात मात्र हातच राहिला.

गेल्या हिवाळ्यात उसाची एक गाडी आमच्या नाक्यावर बंद पडली. मोळ्यांवरून एक जोडपे खाली उतरले, कडेवर लेकरू. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशीच त्यांची मोजणी. बाईने पाणी मागितले, त्या बोलीने माझे कान टवकारले. "कोनतं गाव तुमनं?" मी विचारले. "साक्रीकडनं," ती म्हणाली.

नातू आतून तांब्या घेऊन आला. पाणी पिताना तो तिच्या हाताकडे पाहत होता. ती गेल्यावर हळूच म्हणाला, "दादा, बोटं सगळी आहेत."