बिनलढाईची फौज

'फ्रॉम हिअर टु इटर्निटी' असं नाव काढलं की लोकांना फक्त समुद्र आठवतो. बर्ट लँकेस्टर, डेबोरा कर आणि दोघांच्या अंगावरून जाणारी ती लाट! आता लाट काही क्षणांची आणि चित्रपट जवळजवळ दोन तासांचा. बाकीच्या वेळात काय झालं म्हणून विचारा. माणूस डोकं खाजवतो.

बाकीच्या वेळात फौज असते आणि तिला लढाई नसते. फ्रेड झिनेमनचा हा चित्रपट 1953चा, पण त्यातला काळ 1941चा. जागा हवाई बेटांतली स्कोफिल्ड बरॅक्स. युद्ध चाललंय दूर, अमेरिका अजून बाहेर. मग कॅप्टन होम्ससाहेबांनी करायचं काय? ते बॉक्सिंगचं अजिंक्यपद मनावर घेतात. त्यातून बढतीही मिळायची.

अशात कंपनीत प्रूइट येतो. बिगुल झकास वाजवतो, ठोसेही तितकेच झकास मारतो. पण सरावात त्याच्या ठोशानं एक मित्र आंधळा झालाय. तेव्हापासून रिंगणात उतरायचं नाही, असं त्यानं ठरवलंय. एवढाच गुन्हा!

साहेबाला 'नाही' म्हणणाऱ्याचं काय होतं ते ऐकायला हवाईला कशाला जायला हवं? कुठल्याही कचेरीतला कारकून सांगेल. फरक इतकाच, की कचेरीत टेबलावरच्या फायली वाढतात, तिथं पाठीवरचं ओझं. प्रूइट फरशी पुसतो, सामान लादून डोंगर चढतो, पण हूं की चूं करत नाही. आणि गंमत म्हणजे त्याला फौज मनापासून आवडते! साहेब वेगळा, फौज वेगळी, असं त्याचं सरळ गणित.

जेम्स जोन्सच्या 1951च्या मूळ कादंबरीत होम्सला बढती मिळते. चित्रपटात मात्र राजीनामा द्यावा लागतो. तशी लष्कराची इच्छा होती म्हणे. दोहोंपैकी खरं कोणतं वाटतं, ते ज्यानं त्यानं आपापल्या नोकरीवरून ठरवावं.

शेवटी 7 डिसेंबरला पर्ल हार्बरवर जपानी बॉम्ब पडतात. फौजेला एकदाचा खराखुरा शत्रू मिळतो. फरार असलेला प्रूइट जखमी अवस्थेत आपल्या कंपनीकडे धावतो आणि अंधारात आपल्याच पहारेकऱ्यांच्या गोळीला बळी पडतो.

चित्रपटाला 8 ऑस्कर मिळाली. लोकांना लाट आठवते, आठवू दे बापडी. मला मात्र मेलेल्या मित्रासाठी, मॅगिओसाठी, रात्री बिगुल वाजवणारा प्रूइट आठवतो. त्याच्या गालावर पाणी असतं. ते समुद्राचं नसतं.